किल्ली बदलायला किती वेळ लागतो?

शनिवारी संध्याकाळी सात-सव्वासातला मित्राचा फोन आला. सांगलीत त्याचे अकरावी-बारावीचे क्लासेस आहेत. सकाळच्या बॅचला एखादा मुलगा आला नाही की दहा वाजता पालकांच्या मोबाइलवर आपोआप एसएमएस जातो. हा फ्लो (कामांची आपोआप चालणारी मालिका) त्याने एन-एट-एन या ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बसवला होता, यूट्यूब बघून, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. त्या दिवशी फ्लो मध्येच अडकत होता, म्हणून त्याने तो एक्स्पोर्ट केला, म्हणजे फाइल म्हणून बाहेर काढला, आणि ती जेसन फाइल ऑटोमेशनवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. "कुठं चुकतंय, बघा जरा कुणीतरी." दहा मिनिटांत एकाने चूक दाखवली. त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलं, "सर, तुमची एसएमएसची की पण आलीय याच्यात." की म्हणजे किल्ली, जिच्या जोरावर क्लासच्या नावाने एसएमएस पाठवता येतात ती गुप्त अक्षरांची ओळ.

मित्राने फाइल लगेच डिलीट केली. पण ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं, कुणी उतरवून घेतली हे कसं कळणार?

मी म्हटलं, "अरे, की बदलून टाक, विषय संपला."

"तेच विचारायला फोन केलाय. बदलायची कुठून?"

त्याने एसएमएस गेटवेचं, म्हणजे मेसेज पाठवून देणाऱ्या कंपनीचं, पॅनेल उघडून स्क्रीन शेअर केली. वर कोपऱ्यात किल्ली दिसत होती, शेजारी कॉपीचं बटण होतं. बदलायचं बटण नव्हतं. आम्ही सगळे मेनू पालथे घातले. कस्टमर केअर शनिवारी दुपारनंतर बंद. शेवटी ज्याने ही सेवा विकली होती त्या माणसाने फोन उचलला आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, "सर, ते बॅकएंडला सांगावं लागतं. सोमवारी करून देतो ना."

म्हणजे शनिवार संध्याकाळपासून सोमवार दुपारपर्यंत, क्लासच्या नोंदणीकृत नावाने सातशे पालकांना मेसेज पाठवू शकणारी आणि आधी गेलेल्या मेसेजांचा नंबरांसकट रिपोर्ट काढून देणारी किल्ली दोनशे अनोळखी फोनांत पडून होती. काही झालं नाही. ज्यांच्या हाती ती पडली ती बहुतेक मंडळी सरळ होती, एवढंच त्याचं कारण.

हा किस्सा आमच्या ऑटोमेशनच्या धंद्यातल्या ज्याला ज्याला सांगितला, त्याची प्रतिक्रिया ठरलेली. "काय राव, की कुणी फाइलमध्ये ठेवतं का?" म्हणजे दोष क्लासवाल्याचा. मला हे पटत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे.

मुळात काय घडलं ते बघा. एन-एट-एनमध्ये क्रेडेन्शियल (किल्ल्या, पासवर्ड) ठेवायला स्वतंत्र जागा आहे. तिथे ठेवलेली किल्ली डेटाबेसमध्ये एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे वाचता न येणाऱ्या रूपात, बसते. फ्लो एक्स्पोर्ट केला तर फाइलमध्ये त्या क्रेडेन्शियलचं नाव आणि क्रमांक जातो, आतला मजकूर जात नाही. सोय चांगली आहे. पण गेटवेने मित्राला 'डेव्हलपर डॉक्युमेंट' म्हणून दोन पानांची पीडीएफ दिली होती, आणि तिच्यात एक लांबलचक तयार यूआरएल होता: प्रश्नचिन्हानंतर किल्ली, मग मोबाइल नंबर, मग मेसेज. खाली सूचना, हा यूआरएल हिट करा, एसएमएस जाईल. त्याने तो एचटीटीपी रिक्वेस्टच्या नोडमध्ये, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या फ्लोच्या पायरीत, चिकटवला आणि एसएमएस गेला. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो एक साधा पत्ता होता. त्यात गुपित आहे हे सॉफ्टवेअरला कळायचं काही कारण नव्हतं, आणि ते सांगायची वेळ मित्रावर कधी आलीच नाही. कर्ल कमांड (सर्व्हरला विनंती पाठवायची तयार आज्ञा) आयात केली तर नोडमध्ये किल्लीसकट हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती) येऊ शकतात, शेअर करण्याआधी ते काढून टाका, असा इशारा एन-एट-एनच्या मार्गदर्शक पानांवर आहे खरा. मित्राने एक्स्पोर्टचं बटण दाबलं तेव्हा तो त्याच्यासमोर नव्हता.

यूआरएलमध्ये किल्ली घालायला लावणं ही आपल्याकडच्या बऱ्याच एसएमएस गेटवेंची जुनी खोड आहे. यूआरएल तर ठिकठिकाणी उमटतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत), मधल्या प्रॉक्सीच्या लॉगमध्ये, फ्लोच्या प्रत्येक फेरीच्या इतिहासात, आणि फ्लो फसला की लाल चौकटीतल्या एरर मेसेजमध्ये. मग त्या लाल चौकटीचा स्क्रीनशॉट काढून आपण मदत मागतो. माणूस अडला की दाखवतो, दाखवताना किल्ली दाखवतो. यात निष्काळजीपणा कुठला? जगात सगळीकडे मदत अशीच मागितली जाते.

हे मी मित्राची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्ट या कंपनीच्या ड्रिफ्ट नावाच्या चॅट सेवेची ओऑथ टोकन, म्हणजे एका सेवेला दुसरीत शिरायला दिलेल्या परवान्याच्या किल्ल्या, चोरीला गेली. ही सेवा शेकडो कंपन्यांनी आपल्या सेल्सफोर्सला (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरला) जोडून ठेवलेली होती, त्यामुळे चोरांना त्या कंपन्यांच्या सेल्सफोर्समधला डेटा उपसता आला. त्यांचा डोळा कशावर होता? ग्राहकांनी मदत मागताना सपोर्ट तिकिटांत लिहिलेल्या मजकुरावर. त्यात एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या किल्ल्या, पासवर्ड, टोकन असं काय काय सापडतं याचा शोध घेतला गेला. क्लाउडफ्लेअर ही इंटरनेट सुरक्षेतली मातब्बर कंपनी, तिच्याही तिकिटांतला डेटा गेला. त्यांनी स्वतः तो तपासला तेव्हा त्यात क्लाउडफ्लेअरची १०४ एपीआय टोकन, म्हणजे एक प्रकारच्या किल्ल्याच, निघाली. तिकिटं लिहिणारे हे लोक सांगलीचे क्लासवाले नव्हते, बहुतेक पगारी इंजिनिअर असावेत, आणि तेही तेच करत होते जे माझ्या मित्राने केलं.

या जागी क्लाउडफ्लेअरने जे केलं ते महत्त्वाचं आहे. त्यांनी १०४ च्या १०४ टोकन बदलून टाकली. ती त्यांना बदलता येत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरची सुरक्षितता मोजताना आपण किल्ली किती खोल लपवली आहे ते विचारतो. त्याआधी विचारायला हवं की ती बाहेर पडली तर बदलायला किती वेळ लागेल, आणि बदलताना काय काय बंद पडेल. या प्रश्नाचं उत्तर "सोमवारी करून देतो" असं येत असेल, तर वरच्या सगळ्या एन्क्रिप्शनला फारसा अर्थ उरत नाही. आणि हे उत्तर सुधारण्याची जबाबदारी किल्ली वापरणाऱ्याची कमी आणि किल्ली देणाऱ्याची, तसंच ती सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्याची जास्त आहे.

लपवण्यावर माझा विश्वास का उडाला ते सांगतो. ऑटोमेशन सॉफ्टवेअर ही चीजच अशी आहे की तिला किल्ली *वापरायची* असते. तिजोरीत ठेवून विसरायची असती तर प्रश्न नव्हता. दर सकाळी दहा वाजता ती बाहेर काढायची, उघडी करायची, दुसऱ्याच्या सर्व्हरला दाखवायची आणि परत ठेवायची. त्या उघड्या क्षणी ती कुठेतरी साध्या अक्षरांत असतेच असते.

सर्कल-सीआयचं उदाहरण घ्या. प्रोग्रामर लोक कोड तपासायला आणि सर्व्हरवर चढवायला जी स्वयंचलित साखळी वापरतात, ती चालवणारी ही मोठी सेवा. १६ डिसेंबर २०२२ ला तिच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर मालवेअर शिरलं. अँटिव्हायरसला ते दिसलं नाही. इंजिनिअरने टू-फॅक्टरने रीतसर लॉगिन केलेलं होतं, चोराने ते चालू सेशनच उचललं, त्यामुळे दुसरा फॅक्टर विचारायची वेळच आली नाही. २२ डिसेंबरला ग्राहकांच्या किल्ल्या, टोकन आणि एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून पुरवलेल्या सेटिंग्ज, ज्यांत बऱ्याचदा पासवर्डही असतात) बाहेर गेले. डेटा एन्क्रिप्ट केलेला होता, हे खरं. पण एन्क्रिप्शन उघडायच्या किल्ल्या चोराने चालू प्रोसेसमधून काढून घेतल्या. ४ जानेवारी २०२३ ला कंपनीने सगळ्या ग्राहकांना सांगितलं: आमच्याकडे ठेवलेलं जे जे गुपित असेल ते सगळं बदला. ख्रिसमसच्या सुट्टीवरून नुकत्याच परतलेल्या किती टीमांना त्या आठवड्यात पहिल्यांदाच कळलं असेल, की आपण तिथे नेमकं काय काय ठेवलं होतं!

लॉगमध्ये किल्ली झाकायची पद्धतही अशीच अर्धवट आहे. गिटहब या कोड ठेवायच्या सेवेची अशीच स्वयंचलित साखळी म्हणजे गिटहब अॅक्शन्स. तिच्यात ठेवलेलं गुपित लॉगमध्ये उमटायला लागलं की त्या जागी तीन तारका येतात. पण हे झाकणं म्हणजे ठरावीक अक्षरं शोधून त्यावर पट्टी चिकटवणं. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-अॅक्शन्स'च्या 'चेंज्ड-फाइल्स' नावाच्या एका छोट्या उपयोगी तुकड्यात कुणीतरी घुसलं. कोणत्या फाइली बदलल्या एवढं सांगणारा हा तुकडा, आणि तेवीस हजारांवर रेपॉझिटरींमध्ये (कोडच्या कोठारांमध्ये) तो वापरात. घुसणाऱ्याने जुन्या आवृत्त्यांची लेबलंच उचलून आपल्या कोडवर चिकटवली, त्यामुळे 'आम्ही जुनी, खात्रीची आवृत्ती वापरतो' म्हणणाऱ्यांनाही नवा कोड मिळाला. तो कोड मेमरीतली गुपितं वाचायचा आणि बेस-६४ मध्ये (अक्षरं बदलून लिहायची एक पद्धत) दोनदा गुंडाळून लॉगमध्येच छापायचा. गुंडाळलेली अक्षरं ओळखीची नव्हती, त्यामुळे तारका आल्या नाहीत. ज्यांच्या रेपॉझिटरी सार्वजनिक होत्या त्यांचे लॉगही सार्वजनिक. चोरीचा माल न्यायला वेगळी गाडीसुद्धा लागली नाही. यातून वाचले ते लेबलाऐवजी कमिटचा पूर्ण हॅश (कोडच्या त्या नेमक्या रूपाची न बदलणारी खूण) लिहून ठेवणारे, आणि असे लोक थोडे.

अपाचे एअरफ्लो या ऑटोमेशनच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची एक गंमत आहे. त्यात व्हेरिएबलच्या *नावात* पासवर्ड, सीक्रेट, टोकन असले इंग्रजी शब्द असले तर त्याची किंमत झाकली जाते. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये कुणा मराठी वीराने व्हेरिएबलला 'किल्ली' असं नाव दिलं होतं. ती लॉगमध्ये व्यवस्थित, ठळक दिसायची. भाषाभिमानाची किंमत असते ती अशी.

कोडचा किती भाग तपासला गेला ते मोजणाऱ्या कोडकोव्ह या सेवेचा प्रकार मला सगळ्यात बोलका वाटतो. त्यांची एक बॅश स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) हजारो कंपन्यांच्या साखळीत रोज उतरवली जाऊन चालायची. ३१ जानेवारी २०२१ पासून तिच्यात बदल झालेला होता. साखळीच्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये जे जे असेल ते एका परक्या सर्व्हरला पाठवायचं, एवढंच काम. १ एप्रिलला ते उघड झालं, तेही एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम (फाइल बदललेली नाही ना ते दाखवणारा आकडा) पडताळून बघितला आणि तो जुळला नाही म्हणून. दोन महिन्यांनी पडताळून कळवणारा तो पहिला निघाला. या प्रकरणात ज्यांच्या किल्ल्या उघड्या पडल्या त्यांत हॅशिकॉर्प होती, आणि तिची फाइलींवर सही करायची जीपीजी किल्ली त्यात होती. गुपितं सांभाळायचं व्हॉल्ट हे सॉफ्टवेअर बनवणारी हीच ती कंपनी. त्यांनी ती किल्ली रद्द करून नवी काढली आणि तसं जाहीर केलं. तिजोऱ्या बनवणाऱ्यांच्या घरी हे होतं तर बाकीच्यांनी 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणू नये.

तेव्हा किल्ली बाहेर पडणार, हे धरून चालायचं. मग ती किती काळ चालते हे पाहायचं. इथे परिस्थिती वाईट आहे. सार्वजनिक गिटहबवर २०२४ या एका वर्षात २ कोटी ३८ लाख नवी गुपितं सापडल्याचं गिटगार्डियन या कंपनीचा अहवाल सांगतो. ही कंपनी असली गुपितं शोधण्याचाच धंदा करते, तेव्हा आकड्याकडे थोडं सावधपणे बघायला हरकत नाही. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. २०२२ मध्ये उघड झालेल्या किल्ल्यांपैकी ७० टक्के अजूनही चालू होत्या. टोयोटाचं प्रकरण याच जातीचं: टी-कनेक्ट सेवेच्या सर्व्हरची किल्ली डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षं, गिटहबवर सार्वजनिक कोडमध्ये होती, आणि २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल पत्ते तिच्या आवाक्यात होते.

लोक किल्ल्या का बदलत नाहीत? आळशी आहेत म्हणून? सोमवारची गोष्ट ऐका. दुपारी एकच्या सुमाराला गेटवेने किल्ली बदलून दिली. जुनी त्याच क्षणी बंद झाली, नवी ईमेलवर आली. (ईमेलवर. असो.) मित्राने फ्लोमध्ये नवी किल्ली घातली, चाचणीचा मेसेज आला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मंगळवारी सकाळी फी भरल्याच्या पावतीचे एसएमएस जाईनात. मग टेस्टच्या मार्कांचे. मग संध्याकाळी ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, त्यांच्या एक्सेलच्या शीटमधलं 'मेसेज पाठवा'चं बटण चालत नाहीये. ते बटण तीन वर्षांपूर्वी कुणा विद्यार्थ्याने करून दिलं होतं, आणि त्याच्या पोटात तीच किल्ली होती. एक किल्ली, चार जागा, यादी कुठेच नाही. मित्र मला म्हणाला, "परत कधी बदलायची नाही बाबा ही." त्याचा धडा त्याने घेतला होता, आणि तो नेमका उलटा होता. पण त्याच्या जागी मीही तोच घेतला असता. घेतलाय. एका जुन्या नोकरीत डीबग करताना मी सगळे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल लॉगमध्ये छापून बसलो होतो. त्यात डेटाबेसचा पासवर्ड होता. लॉग पुसला, पासवर्ड मात्र अकरा महिने तसाच ठेवला. कुठे काय फाटेल याची भीती चोराच्या भीतीपेक्षा मोठी होती.

ही भीती काढून टाकणं हे यंत्राचं काम आहे, आणि ते जमतं. एडब्ल्यूएस एका वापरकर्त्याला एका वेळी दोन किल्ल्या ठेवू देतं. नवी काढा, एकेक जागी घाला, जुनी शेवटची कधी वापरली गेली ते बघा, ती शांत झाली की बंद करा. दोन किल्ल्या ठेवू देण्याचा तो एक साधा निर्णय सगळी धास्ती घालवतो. आमच्या गेटवेला दुसरी किल्ली ठेवायला डेटाबेसात फार तर एक रकाना वाढवावा लागेल. त्यापुढची पायरी म्हणजे कायमची किल्लीच न देणं. गिटहब अॅक्शन्समध्ये २०२१ पासून अशी सोय आहे, की काम सुरू होताना 'मी अमुक रेपॉझिटरीतलं अमुक काम' असा सही केलेला दाखला मिळतो, क्लाउड तो तपासतं आणि थोड्या वेळापुरता परवाना देतं. काम संपलं, परवाना थोड्याच वेळात बाद. असा परवाना लॉगमध्ये छापला गेला तरी तो सापडेपर्यंत बहुधा शिळा झालेला असतो. आणि मेसेज पाठवायची किल्ली रिपोर्ट कशाला वाचू शकते? पाठवायची वेगळी, वाचायची वेगळी, आपल्याच सर्व्हरच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) आली तरच चालणारी, असं करायला कुणी अडवलेलं नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. छोट्या माणसाला हे झेपत नाही. टोकन रात्री तीनला संपलं, फ्लो बंद पडला, सकाळी दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचे मेसेज गेले नाहीत, तर डॉक्टर ते ऑटोमेशन काढून टाकून पुन्हा वहीवर येईल. सुरक्षितता वाढवायच्या नादात आपण लोकांना हाकलून देऊ. मी स्वतः दोन ग्राहक असे गमावले आहेत. पण हा आक्षेप नीट पाहिला तर तो *माणसाने* टोकन नव्याने काढण्याबद्दल आहे. ते यंत्राने काढायचं असतं. गूगल शीट जोडताना आपण एकदा 'परवानगी द्या' दाबतो, त्यानंतर तासातासाला टोकन नवं होतं आणि डॉक्टरला त्याचा पत्ताही नसतो. जिथे देणाऱ्याने आणि सॉफ्टवेअरवाल्याने मिळून काम केलंय तिथे छोट्या माणसाला काहीच झेपवावं लागत नाही. जिथे दोघांनी हात झटकलेत तिथेच त्याला 'काळजी घ्या' म्हणून सांगितलं जातं.

दुसरा आक्षेप पैशाचा. गुपितं बाहेरच्या तिजोरीत, म्हणजे व्हॉल्टसारख्या ठिकाणी ठेवून तिथून फ्लोमध्ये आणायची सोय एन-एट-एनमध्ये आहे, पण ती एंटरप्राइझ योजनेत. तेच कशाला, कितीतरी सेवांमध्ये कंपनीचं एकच लॉगिन, सविस्तर ऑडिट लॉग, बारीक परवानग्या या गोष्टी महागड्या योजनेतच मिळतात. कंपन्यांनाही पगार द्यायचे असतात, फुकटात सगळं मागणं मलाही आवडत नाही. दहा हजार फ्लो, मोठ्या टीमा, रात्रीचा सपोर्ट यांचे पैसे जरूर घ्या. पण गाडीला ब्रेक हवेत तर वरचं मॉडेल घ्या, असं कुणी मोटारवाला म्हणाला तर आपण ऐकून घेऊ का? एक्स्पोर्ट करताना यूआरएल आणि हेडर चाळून 'यात किल्लीसारखं काहीतरी दिसतंय' असं विचारणं सगळ्यात खालच्या, फुकट योजनेत असायला हवं. हे अवघड नाही. गिटहबने २०२१ मध्ये आपल्या टोकनांना 'जीएचपी' वगैरे ठरावीक सुरुवात दिली ती यासाठीच, की कुठेही पडलेलं टोकन यंत्राला दिसताक्षणी ओळखता यावं. आणि फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक रेपॉझिटरीत ओळखीची किल्ली ढकलायला गेलं तर गिटहब आपणहून अडवतं. आपल्या गेटवेंच्या किल्ल्या मात्र नुसती आकडे-अक्षरांची माळ असतात, कुणाच्या आहेत हे बघून सांगता येत नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण हा प्रश्न क्लासवाला आणि गेटवे यांच्यापुरता राहिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. डेटा सांभाळायची वाजवी व्यवस्था केली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. जबाबदार कोण? डेटा ज्याच्या कामासाठी गोळा झाला तो, म्हणजे क्लासवाला. त्याच्या वतीने डेटा हाताळणाऱ्या सेवेच्या हातून काही झालं तरी कायद्यापुढे उत्तर त्यानेच द्यायचं. शिवाय त्याचे विद्यार्थी बहुतेक अठराच्या आतले, म्हणजे मुलांच्या डेटाचे जादा नियम. त्यात २०२२ पासून सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा आदेश आहेच: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. सहा तासांत! ज्याच्या किल्लीला बदलायला बेचाळीस तास लागले त्याला.

क्लासवाल्यावर जबाबदारी असू नये असं मी म्हणत नाही. पालकांनी नंबर त्याला दिलेत, गेटवेला नाही. पण ज्याच्या हातात बटणच नाही त्याच्यावर दंड ठेवून किल्ली सुरक्षित होत नाही. तो फार तर एक छापील धोरण करून भिंतीला लावेल. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट उपकरणांवर सर्वांना एकच ठरलेला पासवर्ड घालून विकायला बंदी केली. ग्राहकांना 'पासवर्ड बदला हो' असं वीस वर्षं सांगून झालं होतं, शेवटी कायदा कारखान्याच्या दारात गेला. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदाही, ज्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, उत्पादन मुळातच सुरक्षित मांडणीत विका असं बनवणाऱ्याला सांगतो.

आपल्याकडे असे नियम घालणं नवं नाही. एसएमएसचंच बघा. मित्राला पाठवायच्या प्रत्येक मेसेजचा नमुना डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर नोंदवून घ्यावा लागतो. "आपला पाल्य आज गैरहजर आहे" मधलं "आज" काढून तारीख घालायची तर पुन्हा मंजुरी. ट्राय या दूरसंचार नियामकाने मेसेजच्या मजकुरावर इतकी करडी नजर ठेवली, आणि स्पॅम आटोक्यात आणायला ती हवीच होती. पण त्या मंजूर मजकुराला दार उघडून देणारी किल्ली चार वर्षं तीच होती, यूआरएलमधून फिरत होती, हे मित्राला या चार वर्षांत कुणीही विचारलं नाही. नमुना नोंदवून घेणाऱ्या व्यवस्थेला गेटवेंसाठी तीन-चार अटी घालणं जड नाही: किल्ली यूआरएलमध्ये घ्यायची नाही, ग्राहकाला ती स्वतः आणि कधीही बदलता आली पाहिजे, बदलताना जुनी काही काळ चालू ठेवता आली पाहिजे, आणि किल्ली ओळखता येईल अशी तिची सुरुवात ठरलेली हवी. पेमेंट, व्हॉट्सअॅप, ईमेल पाठवणाऱ्या सेवा, सगळ्यांना हेच लागू करता येईल. सरकारी कार्यालयांच्या निविदांत या चार ओळी आल्या तरी निम्मं काम होईल, कारण बाजारात मोठा ग्राहक मागतो ते छोट्याला आपोआप मिळतं.

मार्चमध्ये मित्राचं गेटवेचं नूतनीकरण आलं. या वेळी मी शेजारी बसलो होतो. दोन कंपन्यांचे लोक आले, दोघांनी दर सांगितले, डिलिव्हरी किती सेकंदांत होते ते सांगितलं, एकाने दिवाळीच्या शुभेच्छांचे नमुने फुकट देतो म्हटलं. मित्राने विचारलं, "की माझी मला बदलता येते का? रविवारी?"

पहिल्याने फोन लावून आत विचारलं आणि "नाही" म्हणाला. दुसरा थोडा थांबला. "सर, चार वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं," म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं.